हृदयाचे कप्पे कमी म्हणजे हृदय अपुरे असते का?

ऐरोलीहून तुम्ही पाठवलेला, तुमच्या अकरावीतल्या मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या हृदयाला तीन, पक्ष्यांच्या आणि माणसाच्या हृदयाला चार. बेडकाच्या हृदयात ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजन कमी असलेले रक्त एकत्र येते. मग असे अपुरे हृदय घेऊन बेडूक आणि कासवे कोट्यवधी वर्षे टिकली कशी? त्याला जोडून झुरळाचे रक्त लाल का नसते, हेही तिने विचारले आहे. ठाण्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना माझ्या टेबलावर कुत्र्यामांजरांबरोबर पोपट, पाळीव कासवे आणि सर्पमित्रांनी आणलेले जखमी सापही येतात. त्यामुळे हा फरक मला केवळ वाचून ठाऊक नाही, तो रोजच्या कामात सांभाळावा लागतो.

कप्पे मोजून हृदयाला गुण देऊ नयेत, हे माझे उत्तर आधीच सांगते. एखाद्या प्राण्याचे रक्ताभिसरण समजून घ्यायचे असेल तर आधी तीन गोष्टी पाहाव्यात: तो ऑक्सिजन कुठून घेतो, ती जागा अखंड चालू असते की मधूनमधून बंद पडते, आणि त्याच्या शरीराला दर मिनिटाला किती ऑक्सिजन लागतो. बेडूक आणि कासव यांच्या बाबतीत यातली दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि शाळेत नेमकी तीच राहून जाते.

हृदय मुळीच नसलेल्या प्राण्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. स्पंज, हायड्रा, जेलीफिश आणि चपटकृमी यांच्या शरीरातली प्रत्येक पेशी पाण्यापासून किंवा पचनपोकळीपासून इतकी जवळ असते की ऑक्सिजन आणि अन्न विसरणानेच, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, तिथवर पोचते. विसरण अगदी थोड्या अंतरापुरते, साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, उपयोगी ठरते. शरीर त्याहून जाड झाले की काहीतरी वाहते ठेवणे भाग पडते.

झुरळाकडे वळते, कारण तिथे बहुतेकांची एक समजूत दुरुस्त करावी लागते. झुरळ चिरडल्यावर जो पांढरा द्रव दिसतो, त्याला लोक त्याचे रक्त समजतात. त्यातला बराचसा पांढरा भाग हा चरबी साठवणाऱ्या मेदपिंडाचा असतो. झुरळाचे रक्त, म्हणजे रक्तलसिका, जवळजवळ रंगहीन असते, आणि ते तसे असण्याचे कारण सरळ आहे: आपल्या रक्ताला लाल रंग ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनमुळे येतो, आणि झुरळाच्या रक्ताचे ऑक्सिजन वाहून नेणे हे कामच नाही. कीटकाच्या शरीराच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रे असतात, तिथून हवेच्या नलिका आत शिरतात आणि फांद्या फुटत फुटत थेट पेशींपर्यंत जातात. अन्नघटक, संप्रेरके, टाकाऊ पदार्थ आणि संरक्षक पेशी एवढेच रक्तलसिकेकडे उरते, आणि त्यासाठी पाठीकडून जाणारी एक लांब, कप्पेदार नळी हृदय म्हणून पुरते. डोके तुटलेले झुरळ बराच काळ जिवंत राहते, त्याचेही उत्तर इथेच आहे. रक्तलसिकेचा दाब कमी असल्यामुळे ती भळाभळा वाहून जात नाही आणि श्वास तर डोक्यातून घ्यायचाच नसतो. डास मारल्यावर हाताला लागणारे लाल रक्त अर्थातच आपले किंवा दुसऱ्या एखाद्या प्राण्याचे असते.

ही व्यवस्था खुली आहे, म्हणजे रक्त शेवटपर्यंत वाहिन्यांत न राहता अवयवांभोवती मोकळे सुटते, म्हणून ती दुबळी आहे, असे मात्र समजू नये. उडणाऱ्या कीटकाचे स्नायू प्राणिसृष्टीतल्या सर्वाधिक ऑक्सिजन वापरणाऱ्या ऊतींपैकी आहेत आणि त्यांना तो हवेच्या नलिकांतून थेट मिळतो. कीटकांतही लाल रक्ताचा अपवाद सापडतो. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचे खाद्य म्हणून मिळणारे लालभडक ‘ब्लडवर्म’ हे एका चिलटासारख्या माशीचे डिंभक, म्हणजे अळ्या, असतात. ते ऑक्सिजनची टंचाई असलेल्या गाळात राहतात आणि त्यांच्या रक्तलसिकेत खरोखरच हिमोग्लोबिन असते.

खेकड्याचेही रक्ताभिसरण खुले असते, पण त्याला हवेच्या नलिका नाहीत. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यामुळे ऑक्सिजन पेशींपर्यंत नेण्याचे काम त्याच्या रक्तालाच करावे लागते. ठाण्याच्या किंवा नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या मासळी बाजारात चिंबोरी साफ करून घेताना मुलीला एकदा सोबत न्यावे. पाठीचे कवच उचलल्यावर दोन्ही बाजूंना पिसांसारखे करडे भाग दिसतात, जे कोळीण काढून टाकते. ते कल्ले. मधोमध, कवचाच्या अगदी खाली, हृदयाची जागा असते. हे हृदय एका कप्प्याचे असून रक्ताने भरलेल्या पोकळीत लटकलेले असते आणि त्याच्या भिंतींतल्या झडपदार छिद्रांतून रक्त आत येते. तिथून ते धमन्यांतून निघते, पण शेवटी केशवाहिन्यांत, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत, न शिरता अवयवांभोवतीच्या पोकळ्यांत मोकळे सुटते. भाताच्या खाचरात सोडलेले पाणी जसे रोपांच्या मुळांशी पसरते आणि उतारावरून पुन्हा पाटाला लागते, तसे हे रक्त अवयवांना भिजवत कल्ल्यांकडे आणि तिथून हृदयाकडे परतते. ताज्या चिंबोरीचा पाय तुटला की बाहेर येणाऱ्या पातळ द्रवाला हवेत थोड्या वेळाने फिकट निळसर झाक येते. त्याचे कारण हिमोसायनिन. या प्रथिनात ऑक्सिजन लोहाऐवजी तांब्याला चिकटतो आणि ते पेशींत बंद नसून द्रवातच विरघळलेले असते.

हिमोसायनिन असले म्हणजे व्यवस्था खुलीच असणार, असाही नियम नाही. म्हाकूळ आणि ऑक्टोपस हे तिसऱ्या-कालवांच्या मृदुकाय संघातलेच प्राणी. पण तिसऱ्या गाळात बसून पाणी गाळतात, तर म्हाकूळ भक्ष्याचा पाठलाग करतो, म्हणून त्याचे रक्ताभिसरण बंद वाहिन्यांचे आहे आणि त्याला तीन हृदये आहेत. दोन हृदये दोन कल्ल्यांतून रक्त ढकलतात आणि तिसरे ते उरलेल्या शरीरात पाठवते. ऑक्टोपस पाण्याचा फवारा सोडत पोहतो तेव्हा त्याचे हे तिसरे हृदय थांबते. बहुतेक वेळा तो तळावरून सरपटणे पसंत करतो, त्यामागचे हे एक कारण मानले जाते. बागेतल्या गांडुळाचे रक्ताभिसरणही बंद आहे. त्याचे रक्त लाल असते, पण त्याचे हिमोग्लोबिन आपल्यासारखे पेशींत नसून रक्तद्रवात विरघळलेले असते.

आता पृष्ठवंशी प्राणी. माशाच्या हृदयात एक अलिंद (रक्त आत घेणारा कप्पा) आणि एक निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) असते. खरे तर त्यांच्या आधी शिरांचे रक्त गोळा करणारी एक पिशवी आणि पुढे धमनीचा फुगीर भागही असतो, पण पुस्तकातले ‘दोन कप्पे’ म्हणजे हे दोन. या हृदयात फक्त ऑक्सिजन कमी असलेले रक्त येते. ते कल्ल्यांत जाते, तिथे ऑक्सिजन घेते आणि हृदयाकडे न परतता थेट शरीराकडे निघते. कल्ल्यांतल्या अतिशय बारीक वाहिन्यांतून जाताना दाबाचा मोठा वाटा खर्ची पडतो, त्यामुळे शरीरात पोचणारे रक्त मंद दाबाने फिरते. माशाला ते चालते, कारण पाणी त्याच्या शरीराचा भार पेलते आणि बहुतेक माशांना शरीर गरम ठेवायचे नसते. त्याची खरी अडचण वेगळी आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर आपल्याकडच्या उबदार गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ६ मिलिलिटरच्या आसपास. म्हणून कल्ल्यांत पाणी एका दिशेने आणि रक्त विरुद्ध दिशेने वाहते. या रचनेमुळे रक्ताला शेवटपर्यंत आपल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन असलेले पाणी भेटत राहते आणि पाण्यातला बराचसा ऑक्सिजन काढून घेता येतो. ठाणे खाडीच्या चिखलात ओहोटीला उड्या मारणारा निवटा ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही हवेतला ऑक्सिजन घेतो. तो पाण्याबाहेर इतका वेळ वावरतो, तरी त्याचे हृदय माशाचेच, दोन कप्प्यांचे आहे.

बेडकापाशी आपण मूळ प्रश्नावर येतो. त्याच्या हृदयात दोन अलिंदे आणि एक निलय असते. शरीराकडून आलेले रक्त उजव्या अलिंदात, फुप्फुसांकडून आलेले डाव्या अलिंदात, आणि मग दोन्ही एकाच निलयात. इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे. मात्र निलय ही गुळगुळीत पोकळी नसते. आतून ते स्पंजासारख्या स्नायूच्या दोऱ्यांनी भरलेले असते आणि त्यापुढच्या धमनीच्या बुंध्यात एक सर्पिल झडप असते. त्यामुळे दोन प्रवाह बऱ्याच अंशी वेगळे राहतात आणि निरनिराळ्या धमन्यांकडे वळतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की बेडूक फक्त फुप्फुसांनी श्वास घेत नाही. फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीचीच एक शाखा त्वचेकडे जाते, आणि त्वचेत ऑक्सिजन घेतलेले रक्त शरीराच्या शिरांतून उजव्या अलिंदात येते. म्हणजे उजव्या अलिंदातले रक्त ‘ऑक्सिजन नसलेले’ असते, हे वाक्यच बेडकाला नीट लागू पडत नाही.

बेडूक तळ्याच्या तळाशी बसला आहे अशी कल्पना करावी. फुप्फुसांत नवी हवा येत नाही, म्हणून तिथे रक्त पाठवणे वाया जाणारे काम आहे, आणि त्वचा मात्र पाण्यातून ऑक्सिजन घेते आहे. अशा वेळी फुप्फुसांच्या वाहिन्या आकुंचन पावतात आणि तिकडचे रक्त त्वचेकडे आणि शरीराकडे वळते. बेडकाच्या निलयात आपल्यासारखी पक्की भिंत असती, तर शरीराकडून आलेला रक्ताचा प्रत्येक थेंब बंद पडलेल्या फुप्फुसांतून फिरवून आणावा लागला असता. सॅलॅमँडरांच्या एका मोठ्या कुळाने फुप्फुसे पूर्णपणे गमावली आहेत आणि ते त्वचेनेच श्वास घेतात. त्यांच्या दोन अलिंदांमधला पडदाही अपुरा राहिला आहे. हृदयाची घडण श्वास घेण्याच्या जागेला बांधलेली असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

कासवात ही सोय आणखी पुढे गेलेली आहे, आणि तिचा परिणाम मला शस्त्रक्रियेच्या वेळी प्रत्यक्ष हाताळावा लागतो. कासवाच्या निलयात अर्धवट पडदा असतो. हवा घेताना फुप्फुसांकडे भरपूर रक्त जाते, पण बुडी मारली किंवा श्वास रोखला की फुप्फुसांच्या वाहिन्यांचा अवरोध वाढतो आणि शरीराकडून आलेले रक्त फुप्फुसांना वगळून पुन्हा शरीरातच जाते. कुत्र्याला मास्कमधून भुलीचा वायू दिला, तर तो काही मिनिटांत गुंगतो. लाल कानांच्या पाळीव कासवाला तोच वायू दिला, तर ते आधी श्वास रोखून धरते. नळी घालून त्याच्या फुप्फुसांत वायू भरला, तरी रक्त फुप्फुसांना वळसा घालून निघून गेल्यामुळे वायू मेंदूपर्यंत पोचायला आणि नंतर शरीराबाहेर पडायला किती वेळ लागेल, याचा भरवसा नसतो. म्हणून आम्ही गुंगी आणण्यासाठी इंजेक्शनवर जास्त अवलंबून राहतो. कवचामुळे स्टेथोस्कोप फारसा उपयोगी पडत नाही, तेव्हा मान आणि पुढचा पाय यांच्या मधल्या मऊ जागेवर डॉप्लर या ध्वनिलहरींवर चालणाऱ्या यंत्राची कांडी ठेवून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकतो आणि ऑपरेशन संपल्यानंतरही बराच वेळ त्याला नजरेआड करत नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांत मागच्या पायांकडून आणि शेपटीकडून परतणाऱ्या रक्ताला हृदयाआधी मूत्रपिंडांतून जाण्याचीही एक वाट असते. प्रत्येक औषधाच्या बाबतीत तिचा परिणाम सारखा नसतो, तरीही मूत्रपिंडांना अपाय करू शकणारे औषध शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात टोचावे, असाच आमचा प्रघात आहे.

साप पाहायचा असेल तर धामणीसारखे उदाहरण नाही. जखम तपासण्यासाठी तिला उताणी धरली की डोक्यापासून साधारण पाव लांबीवर पोटाचे खवले एका लयीत किंचित वर उचललेले दिसतात. ते तिचे हृदय. झाडांवर चढणाऱ्या सापांत ते डोक्याच्या जास्त जवळ असते, कारण शरीर उभे असताना मेंदूपर्यंत रक्त चढवायचे असते. समुद्री सापांत ते बरेच मागे सरकलेले आढळते, कारण पाण्यात शिरल्यावर गुरुत्वाकर्षणाचा तो प्रश्न राहत नाही. अजगर आणि घोरपड यांच्या निलयातला पडदा अपुरा असला, तरी आकुंचनाच्या वेळी आतल्या कडा एकमेकींना अशा भिडतात की शरीराकडे उच्च दाब आणि फुप्फुसांकडे कमी दाब, हे दोन्ही एकाच निलयातून साधते. कागदावर तीन कप्पे आणि कामात जवळजवळ चार, अशी ही स्थिती आहे.

मगरीत याच्या उलट दिसते. आपल्या येऊरच्या डोंगराला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावात मगरी आहेत. त्यांच्या हृदयाला पूर्ण चार कप्पे असतात, तरीही फुप्फुसांना वगळणारी वळणाची वाट त्यांनी राखून ठेवली आहे. त्यांची डावी महाधमनी (शरीराकडे रक्त नेणाऱ्या दोन मुख्य धमन्यांपैकी एक) उजव्या निलयातून निघते आणि उजव्या महाधमनीशी एका छिद्राने जोडलेली असते. १८३३ मध्ये इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ पानिझ्झा यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून ते छिद्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवर दात्यांसारखे गोळे असलेली एक झडपही आहे, जी ती वाट आवळू शकते. या वळणाचा उपयोग काय, यावर मतभेद आहेत. काही जण बुडीवर भर देतात. दुसरे म्हणतात की कार्बन डायऑक्साइडने भरलेले रक्त जठराकडे गेल्यामुळे आम्ल तयार व्हायला मदत होते आणि हाडांसकट गिळलेले भक्ष्य पचते. माझ्या मते ही दोन कारणे एकमेकांना छेद देत नाहीत.

मग पक्षी आणि सस्तन प्राणी यांना पूर्ण भिंत का लागली? आपण उष्ण रक्ताचे आहोत, आराम करतानाही भरपूर ऑक्सिजन वापरतो आणि आपल्यापैकी बहुतेकांना फुप्फुसे फार वेळ बंद ठेवता येत नाहीत. भरपूर ऑक्सिजन पोचवायचा तर शरीरात रक्त जोराने जायला हवे, पण तोच जोर फुप्फुसांना सोसत नाही. माणसाच्या हाताच्या धमनीत दाब १२०/८० च्या आसपास असतो, तर फुप्फुसाच्या धमनीत तो सुमारे २५/१० असतो. फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांची भिंत अतिशय पातळ ठेवावी लागते, नाहीतर वायूंची देवाणघेवाण होत नाही. तिच्यावर शरीराचा दाब आला तर रक्तातला द्रव हवेच्या पोकळ्यांत झिरपेल आणि प्राणी आतल्या आत बुडेल. आत कुठलीही विभागणी नसलेल्या एका पंपाला दोन वेगवेगळे दाब सतत देणे जमत नाही, म्हणून दोन वेगळे पंप झाले.

ही भिंत पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या वंशात स्वतंत्रपणे घडली. याची खूण आजही दिसते: आपली महाधमनी डावीकडे वळते आणि पक्ष्यांची उजवीकडे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, आपल्या तांबड्या पेशींत नसते. पाळीव पोपटाचे रक्त तपासायला पाठवताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण माणसांच्या रक्तासाठी बनवलेले स्वयंचलित यंत्र या केंद्रकवाल्या पेशींमुळे फसते आणि पांढऱ्या पेशींचे आकडे चुकीचे येतात. म्हणून काचपट्टीवर रक्त पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हाताने मोजतात. बजरीगरसारख्या छोट्या पक्ष्याचे हृदय मिनिटाला ३०० पेक्षाही जास्त वेळा धडधडते आणि कानाला ते ठोक्यांपेक्षा सलग गुणगुणल्यासारखे ऐकू येते. हिवाळ्यात खाडीच्या पाण्यात तासन् तास उभे असलेले रोहित पक्षी पाहिले असतील. पाणपक्ष्यांच्या पायांत खाली जाणारी उबदार धमनी आणि वर येणाऱ्या थंड शिरा अगदी लगत असतात, त्यामुळे पायाकडे निघालेली उष्णता वाटेतच परत शरीराकडे फिरते.

आपल्या चार कप्प्यांच्या हृदयालाही ही वळणाची वाट अपरिचित नाही. गर्भाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि ऑक्सिजन वारेतून मिळतो. म्हणून दोन अलिंदांमध्ये एक छिद्र असते, आणि फुप्फुसाच्या धमनीपासून महाधमनीपर्यंत एक आडवाट असते. बुडी मारलेल्या कासवासारखेच गर्भाचे रक्तही फुप्फुसांना वगळून जाते. जन्मानंतर पहिला श्वास घेतला की दाब बदलतात आणि या वाटा मिटू लागतात. अलिंदांमधले छिद्र सुमारे एक चतुर्थांश प्रौढ माणसांत पूर्ण मिटलेले नसते आणि बहुतेकांना ते कधी कळतही नाही. दुसरी आडवाट मात्र उघडी राहिली तर गंभीर ठरते. कुत्र्यांच्या जन्मजात हृदयदोषांत हा दोष वरचेवर आढळतो. लसीसाठी आणलेल्या पिल्लाच्या डाव्या काखेत स्टेथोस्कोप ठेवला की दोन ठोक्यांच्या मध्येही न थांबणारी घरघर ऐकू येते आणि बऱ्याचदा तळहातालाही कंप जाणवतो. वेळीच ती वाट बांधली किंवा आतून बंद केली तर बहुतेक पिल्ले चांगले आयुष्य जगतात.

परीक्षेपुरते सांगायचे, तर मुलीने बेडकाचे हृदय तीन कप्प्यांचे आणि त्यात रक्ताचे मिश्रण होते, असेच लिहावे. मात्र त्याच उत्तरात निलयातल्या स्नायूच्या दोऱ्या, सर्पिल झडप आणि त्वचेचे श्वसन यांचा एका वाक्यात उल्लेख करावा. तो चुकीचा ठरणार नाही आणि उत्तर पूर्ण होईल. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्त शरीरात फिरते हे दाखवले, तेव्हा धमन्या आणि शिरा यांना जोडणारा दुवा त्यांना दिसला नव्हता. १६६१ मध्ये इटालियन वैद्य मार्चेल्लो मालपिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने केशवाहिन्या पाहिल्या. आज हे पाहण्यासाठी कोणताही प्राणी कापावा लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली एक छोटा गप्पी मासा ओल्या कापसात गुंडाळावा, कल्ले भिजलेले राहतील याची काळजी घ्यावी आणि शेपटीचा पारदर्शक पर काचेवर पसरून कमी शक्तीच्या भिंगाखाली धरावा. धमनीतले रक्त झटक्याझटक्याने पुढे जाते, शिरेतले संथ परतते, आणि त्यांच्या मधल्या केशवाहिन्यांतून पेशी जवळजवळ एकामागे एक सरकताना दिसतात. दोन-तीन मिनिटांच्या वर मासा पाण्याबाहेर ठेवू नये आणि लगेच त्याच्याच टाकीत सोडावा.